शत्रुत्व व विरोध दर्शविणारे इंग्रजी शब्द

शत्रुत्व व विरोध दर्शविणारे इंग्रजी शब्द म्हणजे 'एनिमी', 'एन्मिटी', 'होस्टाइल', 'होस्टिलिटी', 'अ‍ॅनिमॉसिटी', 'अ‍ॅन्टॅगनिझम', 'अ‍ॅडव्हर्सरी', 'रायव्हल', 'ऑपोनंट', 'ऑपोझिशन' इत्यादी शब्दांचा समूह होय. हे शब्द कोशांतून एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आढळतात. तथापि त्यांचे अर्थक्षेत्र एक नाही. काही शब्द मनातील भावना सांगतात, काही दोन पक्षांमधील नाते सांगतात, तर काही केवळ भूमिका किंवा स्थान सांगतात आणि त्यांत द्वेषाचा लवलेशही नसतो. इंग्रजी राजवटीत न्यायालये, विधिमंडळे व वृत्तपत्रे यांच्याद्वारे हे शब्द मराठीत आले. त्यांच्यासाठी योजिलेले मराठी प्रतिशब्द वैर आणि विरोध यांतील सीमारेषा सर्वत्र सारख्या काटेकोरपणे पाळत नाहीत. या संदिग्धतेचे परिणाम लोकमान्य टिळकांवरील खटल्यांपासून ते गावपातळीवरील जमिनीच्या वादापर्यंत दिसून येतात.

अर्थभेद

'एन्मिटी' म्हणजे दीर्घकाळ टिकलेले परस्पर शत्रुत्व. त्यात नाते अभिप्रेत आहे. दोन घराणी, दोन राष्ट्रे किंवा दोन समाज यांच्यात ते असते आणि पुढच्या पिढीकडे वारशाने जाऊ शकते. मराठीतील 'वैर' व 'हाडवैर' हे त्याला सर्वांत जवळचे शब्द होत. 'अ‍ॅनिमॉसिटी' ही भावना आहे, तीही तीव्र व कटू. 'वैमनस्य' हा तिचा बहुधा सर्वोत्तम प्रतिशब्द. 'होस्टिलिटी' या शब्दात भावनेपेक्षा वर्तनावर भर असतो. मनातील राग जेव्हा बोलण्यातून, नजरेतून वा कृतीतून बाहेर पडतो तेव्हा तो 'होस्टाइल' ठरतो. याच शब्दाचे अनेकवचन 'होस्टिलिटीज' प्रत्यक्ष युद्धकृत्यांसाठी वापरतात. त्यामुळे 'होस्टिलिटीज थांबल्या' याचा अर्थ गोळीबार थांबला एवढाच होतो, वैर संपले असा नव्हे.

'अ‍ॅन्टॅगनिझम' म्हणजे दोन शक्तींचा वा प्रवृत्तींचा सक्रिय संघर्ष. शरीरशास्त्रात एकमेकांच्या उलट दिशेने ओढणाऱ्या स्नायूंनाही 'अ‍ॅन्टॅगनिस्ट' म्हणतात, आणि तेथे शत्रुत्वाचा प्रश्नच येत नाही. नाट्यविचारात या शब्दासाठी 'खलनायक' असे लिहिण्याचा प्रघात आहे. पण संस्कृत साहित्यशास्त्रातील 'प्रतिनायक' हा शब्द अधिक नेमका आहे, कारण नायकाला आडवा येणारा प्रत्येक जण खल असतोच असे नाही. 'ऑपोझिशन' हा या समूहातील सर्वांत थंड शब्द. समोर उभे राहणे, असहमती नोंदविणे, प्रतिपक्षात असणे एवढाच त्याचा गाभा आहे. बुद्धिबळाच्या पटापलीकडे बसलेला जिवलग मित्रही 'ऑपोनंट' असतो.

व्युत्पत्ती

'होस्टाइल' हा शब्द लॅटिन 'होस्टिस' वरून आला. त्याचा मूळ अर्थ 'परका' असा होता. नंतर तो 'रणांगणावरील शत्रू' असा झाला. इंग्रजीतील 'गेस्ट' म्हणजे पाहुणा हा शब्द त्याच मुळाचा आहे. परका माणूस दारात आला की तो पाहुणा की वैरी, हा निर्णय भाषेने दोन वेगळ्या वाटांनी दिला. वेदातील 'अरि' या शब्दातही 'परका' आणि 'शत्रू' असे दोन्ही अर्थ असल्याचे प्रतिपादन पाउल थीमे या जर्मन अभ्यासकाने १९३८ मध्ये केले होते. वैयक्तिक शत्रूसाठी लॅटिनमध्ये 'इनिमिकुस' हा स्वतंत्र शब्द होता. 'अमिकुस' म्हणजे मित्र. जो मित्र नाही तो 'इनिमिकुस'. फ्रेंचमार्गे त्याचे 'एनिमी' झाले. संस्कृतातील 'अमित्र' हा शब्द अगदी याच घडणीचा आहे.

'अ‍ॅनिमॉसिटी' चा पूर्वीचा अर्थ धैर्य, तडफ असा होता. द्वेषाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. संस्कृत 'वैर' हा शब्द 'वीर' पासून साधला जातो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पराक्रम आणि वैर यांचे हे साहचर्य दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे जपले. 'अ‍ॅन्टॅगनिस्ट' हा ग्रीक शब्द क्रीडास्पर्धेतील प्रतिस्पर्ध्यासाठी होता, तर 'ऑपोझिशन' चा मूळ अर्थ 'समोर ठेवणे' असा आहे.

सर्वांत बोलकी व्युत्पत्ती 'रायव्हल' ची. लॅटिन 'रिव्हुस' म्हणजे ओढा किंवा पाट, आणि 'रिव्हालिस' म्हणजे एकाच पाटाचे पाणी वापरणारे शेजारी. पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्यांना यापेक्षा वेगळे नाव शोधण्याची गरज पडली नसावी. भारतीय भाषांतही जवळच्या माणसातूनच शत्रू घडविणारे शब्द आहेत. 'सपत्न' म्हणजे शत्रू हा शब्द 'सपत्नी' म्हणजे सवत यावरून बनला. 'भ्रातृव्य' या शब्दाचा अर्थ चुलतभाऊ असा असून वैदिक वाङ्मयात तो शत्रू या अर्थी येतो. पाणिनीने त्या अर्थासाठी वेगळे सूत्र दिले आहे. मराठीची 'भाऊबंदकी' याच परंपरेतील आहे. मूळ शब्दात 'भाऊ' आणि 'बंधू' दोन्ही असून अर्थ मात्र कलहाचा!

मराठीतील प्रतिशब्द

मराठीत हा शब्दसंग्रह दोन प्रवाहांतून आला. संस्कृतातून वैर, शत्रुत्व, द्वेष, विरोध, वैमनस्य, प्रतिकार हे शब्द आले; फारसी-अरबीतून दुश्मनी, अदावत, दावा, फितुरी, हरकत हे आले. 'दुश्मन' या फारसी शब्दाची फोड 'दुष्ट मन असलेला' अशी असून तो संस्कृत 'दुर्मनस्' चा नातलग आहे. 'दावा' हा मूळचा अरबी शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो: न्यायालयातील हक्कमागणी आणि वैर. 'उभा दावा' असणे म्हणजे कधीही न मिटणारे शत्रुत्व. जुन्या मराठीत 'दावेदार' म्हणजे हक्क सांगणारा आणि वैरीही. खटला आणि वैर यांना एकच शब्द असलेल्या भाषेत न्यायालयातील प्रतिपक्ष हा शत्रू वाटू लागला, तर त्याचा दोष एकट्या पक्षकाराला देता येत नाही.

या पलीकडे तेढ, वितुष्ट, बेबनाव, आकस, डूख, खुन्नस असे सूक्ष्म छटांचे शब्द मराठीजवळ आहेत. बेबनाव म्हणजे पूर्वी जमत होते ते आता जमत नाही. वितुष्टात दुखावलेपण आहे. आकस एकतर्फी आणि बहुधा लपलेला असतो. डूख धरणारा माणूस संधीची वाट पाहतो. 'विळ्या-भोपळ्याचे सख्य' आणि 'छत्तीसचा आकडा' हे वाक्प्रचार प्रसिद्ध आहेत. दुसऱ्याचे मर्म देवनागरी अंकांत आहे: ३ आणि ६ हे एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. रोमन वळणाच्या अंकांत तो आकडा लिहिला की वाक्प्रचाराचा आधारच नाहीसा होतो.

'विरोध' हा शब्द 'अडविणे' या अर्थाच्या 'रुध्' धातूपासून आलेला आहे. जुन्या मराठीत तो वैराच्या अर्थानेही येतो. देवाशी शत्रुत्व करून त्याच्या सतत स्मरणात राहणाऱ्या रावण, हिरण्यकशिपू यांच्या भक्तीला 'विरोधभक्ती' म्हणतात. तेथे विरोध म्हणजे उघड वैरच आहे. असहमती नोंदविणे हा या शब्दाचा सौम्य, नागरी अर्थ प्रामुख्याने सभा, विधिमंडळे व वृत्तपत्रे यांच्या काळात स्थिर झाला. जुना अर्थ पूर्णपणे गेला नसल्यामुळे 'त्यांचा मला विरोध आहे' हे वाक्य आजही दोन प्रकारे ऐकले जाते.

राजद्रोहाचे खटले आणि 'डिसअफेक्शन'

या शब्दांच्या अर्थावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लोकमान्य टिळकांवरील खटले. भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये घातलेल्या १२४-अ या कलमात 'डिसअफेक्शन' हा शब्द योजण्यात आला होता. शासकीय मराठीत त्यासाठी 'अप्रीती' असा प्रतिशब्द आहे. शासनाच्या उपाययोजनांबद्दल 'डिसअ‍ॅप्रोबेशन' म्हणजे नापसंती व्यक्त करणे गुन्हा नाही, असे स्पष्टीकरण त्याच कलमात होते. म्हणजेच वैर दंडनीय आणि विरोध अदंडनीय अशी रेषा कायद्याने आखली होती. ती नेमकी कोठे आहे हे मात्र शब्दार्थावर सोडले होते.

१८९७ मध्ये 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना डिसअफेक्शन म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव असे सांगितले आणि पुढे द्वेष, शत्रुत्व, नावड, होस्टिलिटी, तिरस्कार व सर्व प्रकारची दुर्भावना त्यात मोजली. या व्याख्येत नावड आणि शत्रुत्व एकाच रांगेत बसले. बचाव पक्षासाठी नापसंतीची जागा फारच अरुंद उरली. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये कलमाचा विस्तार करून त्यात 'हेट्रेड' व 'कन्टेम्प्ट' हे शब्द घालण्यात आले, आणि वर्गावर्गांत 'एन्मिटी' वाढविण्याबद्दलचे १५३-अ हे नवे कलमही आले.

१९०८ च्या खटल्यात ही दोन्ही कलमे टिळकांवर लावण्यात आली. 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तील लेख त्याला कारण झाले. लेख मराठीत होते. न्यायालयासमोर आली ती त्यांची इंग्रजी भाषांतरे. टिळकांनी स्वतः बचाव करताना भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मराठी शब्दांचे इंग्रजी रूपांतर विपर्यस्त असल्याचा मुद्दा आग्रहाने मांडला. मराठीत विरोधाच्या पट्टीतला शब्द इंग्रजीत वैराच्या पट्टीत चढला तर लेखकाचा हेतूच बदलतो, हे त्या युक्तिवादाचे मर्म होते. नऊ जणांच्या ज्यूरीपैकी सात युरोपियन सदस्यांनी त्यांना दोषी, तर दोन पारशी सदस्यांनी निर्दोष ठरविले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा दिली व टिळकांची रवानगी मंडालेला झाली.

स्वातंत्र्यानंतर केदारनाथ सिंह विरुद्ध बिहार राज्य (१९६२) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ चा अर्थ मर्यादित करून शासनावरील कठोर टीका, ती हिंसाचाराला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देत नसेल तर, गुन्हा नाही असे म्हटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत १५३-अ ची जागा कलम १९६ ने घेतली आहे. मराठी वृत्तपत्रांत या गुन्ह्याचे वर्णन 'दोन समाजांत तेढ निर्माण करणे' असे येते. 'एन्मिटी' साठी 'तेढ' हा शब्द सौम्य आहे. तेढ म्हणजे वाकडेपणा. तो सरळ करता येतो. वैराचे तसे नाही.

'होस्टाइल' साक्षीदार

सरकार पक्षाने बोलावलेला साक्षीदार न्यायालयात पूर्वीच्या जबाबापासून फिरला की त्याला 'होस्टाइल' म्हटले जाते. मराठी बातम्यांत त्यासाठी 'फितूर साक्षीदार' हा शब्द सर्रास येतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम १५४ मध्ये मात्र 'होस्टाइल' हा शब्दच नाही. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्याला उलटतपासणीतले प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, एवढेच ते कलम सांगते. भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम १५७ मध्ये आहे. साक्षीदार होस्टाइल ठरल्याने त्याची सारी साक्ष पुसली जात नाही, तिच्यातील विश्वासार्ह भाग ग्राह्य धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने भगवानसिंह विरुद्ध हरियाणा राज्य (१९७६) व अन्य निवाड्यांत म्हटले आहे.

'फितूर' हा शब्द यापेक्षा कितीतरी जड आहे. मराठेशाहीत फितुरी म्हणजे शत्रूला आतून मिळणे, स्वामिद्रोह. साक्षीदार दहशतीमुळे फिरला असेल, बऱ्याच वर्षांनंतर त्याला नीट आठवत नसेल, किंवा पोलिसांनी नोंदविलेला मूळ जबाबच त्याचा नसेल. या सर्व शक्यता 'होस्टाइल' या तांत्रिक शब्दात मावतात. 'फितूर' या शब्दात विकला गेलेला माणूस एवढाच मावतो. साक्षीदारांवरील दबावाची दखल घेऊन महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. संरक्षणास पात्र मानलेल्या व्यक्तीला बातमीत 'फितूर' म्हणणे विसंगत आहे. 'प्रतिकूल साक्षीदार' किंवा 'उलटलेला साक्षीदार' हे शब्द अधिक न्याय्य ठरतात.

प्रतिकूल कब्जा

जमिनीच्या कायद्यातील 'अ‍ॅडव्हर्स पझेशन' यासाठी मराठीत 'प्रतिकूल कब्जा' म्हणतात. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार खाजगी जमिनीवर बारा वर्षे असा कब्जा राहिल्यास मूळ मालकाचा ताबा मागण्याचा हक्क संपतो. शासकीय जमिनीबाबत ही मुदत तीस वर्षांची आहे. कब्जा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला 'होस्टाइल' असावा लागतो. येथे होस्टाइल म्हणजे रागाचा वा मारामारीचा नव्हे. मालकाचा हक्क नाकारून, स्वतःच्या हक्काने केलेला, एवढाच त्याचा अर्थ. उलटपक्षी, एकत्र कुटुंबातील दोन भावांत वीस वर्षे बोलणे नसले, तरी एकाचा कब्जा दुसऱ्याला आपोआप होस्टाइल ठरत नाही. सहहिस्सेदाराचा कब्जा सर्वांच्या वतीने असल्याचे गृहीत धरले जाते. दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारला होता हे सिद्ध करावे लागते. भाऊबंदकी कितीही जुनी असली तरी ती कायद्याच्या अर्थाने 'होस्टिलिटी' नव्हे, हे अनेक पक्षकारांना निकाल लागल्यावरच कळते.

मराठवाडा व पालम परिसर

परभणी जिल्ह्यातील पालम हे तालुक्याचे ठिकाण पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या मराठवाडा विभागात येते. संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची व न्यायालयांची भाषा होती. उर्वरित महाराष्ट्रात इंग्रजी शब्द जेथे थेट मराठीला भिडले, तेथे मराठवाड्यात कायद्याचा शब्द उर्दूतून आला आणि इंग्रजीचा थर त्यावर नंतर चढला. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील वादी 'मुद्दई' असतो.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात केलेली कारवाई लष्करी होती आणि तिचे सांकेतिक नाव 'ऑपरेशन पोलो' होते. भारत सरकारने मात्र तिला 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हटले. देशांतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न आणि दोन राज्यांतील 'होस्टिलिटीज' यांत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक होता. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती ती याच मुद्द्यावर. हाच कालखंड शासकीय मराठीत 'मुक्तिसंग्राम' आहे व १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. जुन्या पिढीच्या बोलण्यात 'पोलीस अ‍ॅक्शन' हाच शब्द टिकला आहे, आणि पुष्कळदा तो काळ मोजण्याची खूण म्हणून येतो.

आज पालमसारख्या तालुक्यात सामान्य माणसाचा कायदेशीर विरोधाशी संबंध येतो तो 'हरकत' या शब्दातून. मूळ अरबीत त्याचा अर्थ हालचाल असा आहे. मराठीत तो आक्षेप झाला. जमिनीचा फेरफार नोंदविताना तलाठी संबंधितांना नोटीस देतो व हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि वरिष्ठ महसूल अधिकारी चौकशी करून निर्णय देतो. हरकत म्हणजे 'ऑब्जेक्शन'. त्यात वैर नाही आणि ती घेणाऱ्याला द्वेष सिद्ध करावा लागत नाही. तरीही चुलत्याने हरकत घेतली की पुतण्याच्या घरी ती दुश्मनीच मानली जाते. मग बहिणी हक्क असूनही हरकतीचा अर्ज देत नाहीत आणि मुदत निघून जाते.

संसदीय परिभाषा

ब्रिटिश संसदेत १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाउस याने 'राजाचा विरोधी पक्ष' हा शब्दप्रयोग विनोदाने केला आणि तो रूढ झाला. राजाशी निष्ठा ठेवून राजाच्या मंत्र्यांना विरोध करता येतो, ही कल्पना त्यात आहे. भारतात १९७७ च्या अधिनियमाने संसदेतील विरोधी पक्षनेत्याला वेतन व भत्ते मिळू लागले. शासनाला विरोध करण्यासाठी शासनानेच वेतन द्यावे, यावरून 'ऑपोझिशन' हा शब्द शत्रुत्वापासून किती दूर आहे हे दिसते. हिंदीत 'विपक्ष' व 'प्रतिपक्ष' चालतात. मराठीने 'विरोधी पक्ष' स्वीकारला.

'अनअपोज्ड' साठीचा 'बिनविरोध' हा शब्द ग्रामपंचायत निवडणुकांमुळे घराघरांत पोहोचला आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर जागेइतकेच उमेदवार उरले. बातम्यांत मात्र तो 'एकमताने' या अर्थी आणि कौतुकाने येतो. अर्ज मागे घेणाऱ्याने तो समजुतीने घेतला की दडपणाने, हे त्या शब्दावरून कळत नाही.

मराठी भाषकांच्या इंग्रजीतील चुका

मराठीत 'ला विरोध करणे' असा प्रयोग असल्यामुळे 'ऑपोज' या क्रियापदापुढे 'टू' किंवा 'अगेन्स्ट' जोडण्याची चूक वारंवार होते. या क्रियापदाला शब्दयोगी अव्यय लागत नाही. 'ऑपोज्ड' हे विशेषण असताना मात्र 'टू' आवश्यक असते. 'अ‍ॅन्टॅगनाइज' म्हणजे विरोध करणे नव्हे, तर एखाद्याला दुखावून आपल्याविरुद्ध करून घेणे. 'अ‍ॅडव्हर्स' आणि 'अ‍ॅव्हर्स' यांतही गफलत होते: पहिला शब्द परिस्थितीला लागतो व त्याचा अर्थ प्रतिकूल, तर दुसरा माणसाला लागतो व त्याचा अर्थ अनिच्छुक. 'रेझिस्टन्स' साठी 'विरोध' लिहिण्यापेक्षा 'प्रतिकार' लिहिणे योग्य होय. 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' चे मराठीत 'नि:शस्त्र प्रतिकार' झाले ते याच जाणिवेतून. हा इंग्रजी शब्द दुबळेपणा व द्वेष सूचित करू शकतो म्हणून महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत त्याऐवजी 'सत्याग्रह' हा नवा शब्द स्वीकारला.